फॉक्सग्लोव्हची दुबार पेरणी

अहो आई,

मागच्या भिंतीलगतची पट्टी अजून तशीच मोकळी आहे. भांडी विसळताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसते. हातभर रुंद, दहा-बारा हात लांब, शेवग्याच्या सावलीतली. बाकी अंगणात तुम्ही बोटभर जागा रिकामी सोडली नाहीत. नळाच्या ओलीवर अळू, जिन्याखाली गवती चहा, कुंपणावर घोसाळी. टाकीवर चढवलेला भोपळा तर प्लंबर वर चढेपर्यंत आमच्यापैकी कुणाला दिसलासुद्धा नव्हता. फक्त ही पट्टी तुम्ही सव्वादोन वर्षं रिकामी ठेवलीत. मी रोज ती बघायचे आणि मला वाटायचं, ही माझी शिक्षा आहे.

काल तुमचा तेरावा झाला. जेवणारे जेवून गेले, मंडपवाला सतरंज्या गुंडाळून घेऊन गेला. आज सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर, तुमच्या जागेवर बसले आहे. आपलं जे भांडण आपण कधी धड भांडलोसुद्धा नाही, ते आज एकटीनं पुरं करायचं ठरवलं आहे. तुम्ही मध्येच 'हं' म्हणून आत निघून जाणार नाही, एवढीच काय ती सोय.

मी कर्वेनगरच्या सोसायटीत वाढलेली. आमच्या गॅलरीत चार कुंड्या होत्या आणि त्यातल्या दोन रिकाम्या. लग्न होऊन हडपसरला आले तेव्हा तुमचं शेत गेलेलं होतं. त्या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्याच एकीत मला नोकरी होती. तुमची बाजरी जिथे डोलायची, तिथे तिसऱ्या मजल्यावर एसीत बसून मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे.

"दिसभर काय करतीस गं तितं?" तुम्ही एकदा विचारलंत.

"लोकांच्या चुका काढते."

"आन त्याचा पगार देत्यात?"

"देतात की."

"म्हंजी आमी सासवांनी येवढी वरसं फुकटच केलं."

हे तुम्ही नंतर भावकीतल्या प्रत्येक लग्नात सांगितलंत आणि प्रत्येक वेळी त्यात माझा पगार थोडा वाढवलात. मला आवडायचं ते. कधी सांगितलं नाही.

ते पाकीट महेशनं आणलं. कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं, मी आणि आमची तान्ही सई तुमच्यापाशी होतो. येताना सगळ्या घरादाराला चॉकलेटं, आणि आईला काय न्यावं ते शेवटच्या दिवसापर्यंत न सुचल्यामुळे फुलांच्या बियांचं एक पाकीट. त्यावरच्या चित्रात उंच दांडा, त्याला खालपासून वरपर्यंत लोंबणाऱ्या जांभळ्या घंटा, आतून ठिपके. मी नाव वाचून दाखवलं, फॉक्सग्लोव्ह. कोल्ह्याचा हातमोजा, असा अर्थही सांगितला.

"कोल्ह्याला कशाला हातमोजं?" असं म्हणून तुम्ही जरा विचार केलात. "तितं थंडी लई आसंल."

ते नाव तुमच्या तोंडी बसलं नाही. तुम्ही त्याला 'पाकिटवालं झाड' म्हणायला लागलात आणि मग घरात सगळेच तसं म्हणायला लागले.

गणपती नुकतेच गेले होते तेव्हा आपण ते पेरलं. मी पाकिटामागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचत होते आणि तुम्ही ऐकत नव्हतात. बी म्हणजे नुसती भुकटी, खसखशीहून बारीक. मी अजून पहिल्या ओळीवर असताना तुम्ही चाळलेली वाळू आणून त्यात बी मिसळायला घेतलं होतंत. दोन ओळी पुढे गेले तर पाकिटावरही तेच, बारीक वाळूत मिसळून पेरावं.

"लिवलंय व्हय तसं?" तुम्ही खूश झालात. "म्हंजी त्येंच्यात बी कुणीतरी शेतकरी हाय."

पुढची ओळ मात्र तुम्हाला पटली नाही. बियांवर माती टाकू नये, त्यांना उजेड लागतो. उघडं बी म्हणजे मुंग्यांची पंगत, असं तुमचं म्हणणं. शेवटी दोन घमेली केली, एक तुमच्या मतानं आणि एक पाकिटाच्या. तीन आठवड्यांनी पाकिटाच्या घमेल्यात हिरवे ठिपके उठले आणि तुमच्या घमेल्यात नुसती माती. तुम्ही दोन्हीकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "तुजं खरं निगालं." ते वाक्य मी त्याच दिवशी फोन करून माझ्या आईला कळवलं होतं.

पण पेरणीच्या दिवशीच तुम्ही आणखी एक गोष्ट केली होतीत. अर्धं बी आधीच बाजूला काढून काडेपेटीत भरलं होतंत आणि ती देव्हाऱ्यामागे ठेवली होतीत. सगळं का नाही पेरत, असं मी विचारलं.

"सगळं बी येकदम मातीत घालू न्हाई. पाऊस दगा देतो. दुबार पेरायची पाळी आली तर काय पेरशील?"

आपल्याकडे नळ आहे, पावसाचा काय संबंध, असं मी हसून म्हणाले. तुम्ही काडेपेटी आणखी आत सरकवलीत. दगा फक्त पाऊसच देतो, असं तेव्हा मलाही वाटायचं.

नऊ रोपं आपण त्या भिंतीलगतच्या पट्टीत लावली. पहिल्या थंडीत नुसती पानं आली. मोठी, लवदार, जमिनीलगत पसरलेली. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, तंबाखू लावली का म्हणून. फूल दुसऱ्या वर्षी येतं असं मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. दोन वर्षांत ऊस निघून त्याच मुळांवरचा खोडवासुद्धा निघतो, म्हणालात. पण उपटली नाहीत. त्या नऊ रोपांतली पाच उन्हाळ्यातून वाचली, ती तुमच्या जिवावर. टँकरचे दिवस होते. तुम्ही तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचात, गोणपाट भिजवून काठ्यांवर ताणायचात, दुपारी उठून ते पुन्हा भिजवायचात. गुडघे धरून, भिंतीला हात लावत जायचात. न बघितलेल्या फुलासाठी एवढं कशाला, असं मी एकदा म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बघितलेल्यासाठी समदेच करत्यात."

आता तो नोव्हेंबर. आई, मी काही लपवणार नाही.

सई अडीच वर्षांची होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालायची. चप्पल, खडू, झेंडूच्या पाकळ्या. ऑफिसात एका दुपारी काम थांबलं होतं, म्हणून मी सहज नेटवर तुमच्या पाकिटवाल्या झाडाची माहिती काढली. पान, फूल, बी, सगळंच विषारी. हृदयावर परिणाम होतो, लहान मुलांना जास्त धोका. मी ते तीन वेळा वाचलं. डोक्यात ऑफिसचीच भाषा, धोका दिसला की काढून टाका, चर्चा नंतर. तुम्ही त्या दिवशी माहेरच्या लग्नाला दोन दिवस गेला होतात. मी लवकर घरी आले, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि पाचही रोपं मुळासकट उपटली. मुळं एवढी खोल गेली होती की मला दोनदा खुरपं घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घंटागाडीत गेली. फूल यायला तीन-चार महिने राहिले होते.

तुम्ही परत आलात ते हातातली पिशवी खाली न ठेवता थेट मागे गेलात. मी खिडकीतून बघत होते. एका खड्ड्यातली माती चपलेनं उकरून बघितलीत.

"कीड पडली व्हती का?"

"विषारी आहेत आई ती. नेटवर वाचलं मी. सईनं एखादं पान चावलं असतं तर?"

"हं." मग तुम्ही फाटकाकडे बोट केलंत. "ती कण्हेर बी विषारीच हाय. तिचीच फुलं रोज देवाला वाहती मी. तुजा नवरा तिच्याखाली रांगत मोटा झाला."

आणि आत गेलात. संपलं. पुन्हा तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं होतं, तुम्ही ओरडाल, भांडाल, महेशकडे तक्रार कराल. माझी सगळी उत्तरं तयार होती. ती तशीच वाया गेली.

कण्हेर मात्र माझ्या हिशेबातच नव्हती. ती रोज डोळ्यांसमोर होती आणि मला तिची भीती वाटली नाही, कारण ती तुमची होती, आधीपासून होती. खरं सांगू? तुम्हाला विचारावं, निदान तुम्ही यायची वाट बघावी, असं मनात आलं होतं. मी ते झटकलं. यांना काय समजावून सांगायचं, असं वाटलं मला. शेतातल्या फवारणीच्या औषधाचे डबे आढ्याला टांगून ज्या बाईनं चार पोरं वाढवली, तिला मी विष म्हणजे काय ते समजावणार होते! माझ्याआधी तुम्हाला समजलं असतं. तुम्ही त्या पट्टीला जाळी मारली असती, नाहीतर डब्यात लावून उंचावर ठेवली असती. माझी भीती आणि तुमचं झाड, दोन्ही त्या अंगणात मावलं असतं.

त्या संक्रांतीला तुम्ही माझ्या हातावर तिळगूळ ठेवलात. सगळ्यांना म्हणायचं ते म्हणालात आणि माझ्याजवळ आल्यावर आवाज उतरवून म्हणालात, "गोड न्हाय तर न्हाय, पर बोल."

"बोलतेच की आई," असं म्हणून मी पर्स उचलली आणि कंपनीची बस गाठली. तो तिळगूळ मी बसमध्ये खाल्ला. कडक झाला होता, तुमच्या हातून पहिल्यांदाच पाक चुकला होता.

आपलं बाकी सगळं नीट चाललं होतं, हेही खरं. मी उशिरा आले की भाकरी झाकून ठेवलेली असायची. सईला तुम्ही बघितलंत म्हणून माझी नोकरी राहिली. ऑफिसातल्या बायका पाळणाघराच्या कहाण्या सांगत तेव्हा मी गप्प बसायचे, दृष्ट लागायची भीती वाटायची. पट्टी तेवढी रिकामी होती. पहिल्या पावसाळ्यानंतर मी म्हणाले होते, तिथे मेथी टाकू या का? तुम्ही म्हणालात, "राहू दे." मी पुढे विचारलं नाही.

मग तुमच्या छातीतली ती धडधड. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि औषधाच्या दुकानात उभी राहून मी डब्यातला कागद उलगडला. चुका काढायची सवय, दुसरं काय. त्यातलं एक नाव मला ओळखीचं वाटलं, त्या झाडाबद्दल नेटवर वाचलेलं. रिक्षात बसल्यावर तुम्हाला म्हणाले, "आई, ही गोळी कशापासून काढतात माहिती आहे? आपल्या त्या झाडाच्या कुळातल्या एका झाडापासून."

"कंच्या झाडाच्या?" तुम्हाला पक्कं कळलं होतं. वदवून घेत होतात.

"पाकिटवाल्या."

तुम्ही मगरपट्ट्याच्या सिग्नलवर गाड्यांकडे बघत बसलात. मग म्हणालात, "म्हंजी झाड उपटून टाकलंस, आन गोळी इकत आणलीस."

आणि हसलात. मीही हसले. दोघी एवढ्या हसलो की रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. तेव्हा म्हणायचं होतं, आई, माझं चुकलं. अगदी ओठावर आलं होतं. पण मला वाटलं, हसण्यात मिटलंच की सगळं, आता कशाला उगाच. तेवढ्यात घर आलं आणि रिक्षावाल्याकडे सुट्टे नव्हते.

काल पंगत उठल्यावर गजरामावशी आल्या. तुमची धाकटी बहीण, मांजरी गावची. दहाव्याला नदीवर त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या, तेव्हा मी ते दुःखावर घातलं होतं. काल रिक्षातून उतरल्या त्या हातात तेलाचा एक पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात माती आणि मातीतून माझ्या खांद्याएवढा दांडा. खालची फुलं गळून हिरवी बोंडं धरली होती. शेंड्याला सात-आठ जांभळ्या घंटा अजून लोंबत होत्या.

मी ओळखलं. तरी विचारलं, "हे काय मावशी?"

"तुजं ते पाकिटवालं," त्या म्हणाल्या. डबा मागच्या पायरीवर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. 

झाडं उपटल्यावर पुढच्या वर्षी, गणपती झाल्यावर, तुम्ही देव्हाऱ्यामागची काडेपेटी घेऊन त्यांच्याकडे गेलात. दुबार पेरणी त्यांच्या विहिरीशेजारी, ह्याच डब्यात केलीत. मावशी म्हणाल्या, तुज्याच घरी का न्हाय लावत? तर तुम्ही त्यांना सांगितलंत, "माज्या सुनंला भ्या वाटतंय. पोरगी ल्हान हाय. तिचं काय चुकलं न्हाय त्यात. पोरगी मोटी हुईस्तवर तुज्याकडं आसू दे." दर पंधरा दिवसांनी तुम्ही बसनं बहिणीकडे जायचात, मी समजत होते गप्पा मारायला. तुम्ही गोणपाट भिजवायला जात होतात, आई. गोळी सुरू झाल्यावरसुद्धा.

आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला पहिलं फूल उघडलं तेव्हा तुम्ही तिथे होतात. हे ऐकून मला केवढं बरं वाटलं ते कसं सांगू. दांड्यापुढे उकिडव्या बसलात, एक घंटा बोटावर उचलून आत बघितलंत आणि मोठ्यानं हसायला लागलात. "गजरे, आगं, ह्यो तर तीळ! बाजरीत तिळाचं पाटं टाकायचो न्हवं, त्याचीच फुलं ही. रंग तेवढा इलायती. ह्याच्यापायी दोन वरसं राबले मी!"

मी तिळाचं फूल कधी बघितलेलं नाही. मी ऑफिसात ज्या खुर्चीवर बसते, तिच्या खालीच कुठेतरी ते एके काळी फुलत असेल.

"मग मला का नाही दाखवलं?" मी रडत विचारलं. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

मावशींनी डब्याकडे नजर वळवली. त्यांना ते बोलायचं नव्हतं, असं दिसलं. "म्यां बी तेच म्हनले तिला. ती म्हनली, तिला दावायचंच हाय. ती पट्टी त्यापायीच राखलीया. पर आपनहून न्हाई न्यायचं. ती मला येकदा इचारू दे, आई, त्या पट्टीत काय लावायचं म्हून. ज्या दिशी इचारंल त्या दिशी डबा घिऊन जायचं." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता तू काय इचारनार, आन ती काय सांगनार. म्हून मीच आणला."

सव्वादोन वर्षं, आई! रोज त्या खिडकीशी उभी राहून मी तुमच्या रागावण्याची वाट बघत होते आणि तुम्ही आतल्या खोलीत माझ्या एका प्रश्नाची. आपण दोघीही कसल्या हट्टी बायका. मला तुमचा रागही येतो आहे, हे आज लपवत नाही. एकदा नुसता हात धरून मांजरीला नेलं असतंत तर काय झालं असतं? पण मग मीही एकदा नुसतं विचारलं असतं तर काय झालं असतं?

मावशी गेल्यावर मी देव्हाऱ्यामागे हात घातला. काडेपेटी जागेवर होती. उघडली तर आत वाळूचे चार कण. पेरून झाल्यावर तुम्ही ती परत आणून ठेवली होतीत, पुढच्या बियांसाठी.

आत्ता सई उठून मागे आली. डबा बघितला, घंटा बघितल्या आणि हात पुढे केला. मी कप ठेवून अर्धी उठले तोवर तिनं स्वतःच हात पाठीमागे नेला. "बघायचं फक्त," ती मला समजावत म्हणाली. "तोंडात नाही घालायचं आणि मग हात धुवायचा. कण्हेरीसारखं. आजीनं शिकवलंय." मी म्हणाले, बरं बाई. ती वाकून एकेका घंटेत ठिपके मोजत बसली आहे.

बोंडं अजून हिरवी आहेत. वाळून तपकिरी झाल्याशिवाय काढू नको, मावशी बजावून गेल्या आहेत. म्हणजे अजून तीन-चार आठवडे. त्यानंतर झाड जाईल, त्याचं आयुष्य तेवढंच असतं. मी बी चाळून घेईन, अर्धं काडेपेटीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवीन, अर्धं गणपती झाल्यावर वाळूत मिसळून पेरीन. वर माती टाकणार नाही. तेवढं माझं खरं होतं, तुम्हीच कबूल केलं होतंत.

मला भीती वाटली, ते चुकलं नव्हतं. तुम्हीही मावशींना तेच सांगितलंत आणि मला मात्र कळू दिलं नाहीत. पण तुम्ही उन्हाळाभर जगवलेली रोपं तुमच्या माघारी उपटली, तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही, ते चुकलं. आई, माझं चुकलं. रिक्षात म्हणायचं राहिलं, संक्रांतीला म्हणायचं राहिलं, ते आज म्हणते आहे.

चहा गार झाला. ऊन शेवग्याच्या खाली, पट्टीपर्यंत आलं आहे. माती कडक झालेली नाही, मी आत्ता हात लावून बघितला. म्हणजे तुम्ही ती अधूनमधून खणत होतात.

तर विचारते.

अहो आई, त्या पट्टीत काय लावायचं?